जपानमध्ये मास्टर्स किंवा पीएचडीसाठी अर्ज: आधी प्राध्यापक, मग फॉर्म

जपानला पदव्युत्तर शिक्षणासाठी केलेले अर्ज गुण कमी पडले म्हणून जेवढे बाद होतात, त्याहून जास्त क्रम चुकल्यामुळे बाद होतात. दहा विद्यापीठांना एकच एसओपी (शिकण्यामागचा हेतू सांगणारे निवेदन) पाठवायचा आणि निकालाची वाट बघत बसायचे, ही पद्धत इथे चालत नाही. प्रवेशपत्रावर सही विद्यापीठाची असली तरी तुम्हाला घ्यायचे की नाही हे बहुतेक शाखांत एक प्राध्यापक ठरवतो. दोन किंवा पाच वर्षे तुम्ही त्याच्याच प्रयोगशाळेत बसणार असता. त्यामुळे फॉर्म भरण्याआधी किमान चार-पाच महिन्यांचे काम असते, आणि लोक नेमके तेच वगळतात.

वर्ग एप्रिलमध्ये सुरू होतात. अनेक ठिकाणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही प्रवेश मिळतो. कुठल्याही सत्रासाठी सुमारे दीड वर्ष हाताशी ठेवा. सरकारी शिष्यवृत्तीसाठी भारतातले अर्ज बहुधा एप्रिल-मेच्या सुमारास मागवले जातात, म्हणजे आदल्या दिवाळीत तयारीला लागलेले बरे.

## १. मार्ग ठरवा

वाटा चार आहेत. एकीची कागदपत्रे दुसरीला तशीच्या तशी चालत नाहीत.

मेक्स्ट, दूतावासाची शिफारस. जपानच्या शिक्षण मंत्रालयाची ही शिष्यवृत्ती आहे. अर्ज भारतातल्या जपानी दूतावासामार्फत जातो. कागदपत्रांची छाननी, इंग्रजी आणि जपानीची लेखी परीक्षा, मग मुलाखत. जपानी येत नसले तरी पेपरला बसावेच लागते. जुन्या प्रश्नपत्रिका अधिकृत संकेतस्थळावर उपलब्ध आहेत, त्या सोडवून जा.

मेक्स्ट, विद्यापीठाची शिफारस. इथे दूतावासाचा संबंध येत नाही. विद्यापीठ स्वतः निवडून मंत्रालयाकडे नाव पाठवते. प्रत्येक विद्यापीठाचे वेळापत्रक वेगळे असते आणि ते बरेचदा हिवाळ्यात सुरू होते.

स्वखर्चाने थेट पदवीसाठी. इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रम असलेल्या विभागांत हे शक्य असते.

स्वखर्चाने केन्क्यूसेई, म्हणजे संशोधन-विद्यार्थी. यातून पदवी मिळत नाही. सहा महिने ते वर्षभर प्रयोगशाळेत राहून तिथल्या प्रवेशपरीक्षेची तयारी करायची. परीक्षा पास झालात तरच मास्टर्सला प्रवेश. ही वाट सोपी म्हणून सांगितली जाते. पण परीक्षेत नापास झालात तर हातात पदवी नसते आणि व्हिसाची मुदत संपत आलेली असते, हे सांगायचे राहून जाते.

मेक्स्टची मासिक रक्कम संशोधन-विद्यार्थ्याला १,४३,०००, मास्टर्सला १,४४,००० आणि डॉक्टरेटला १,४५,००० येन आहे. काही भागांत दोन-तीन हजार येन जास्त मिळतात. शुल्क आणि विमानभाडे वेगळे दिले जाते. रक्कम आणि अटी दरवर्षीच्या सूचनेत छापतात. गेल्या वर्षीची पीडीएफ अभ्यासाला वापरा, अर्ज भरायला नको.

> सावध: एकाच वर्षी मेक्स्टच्या दोन्ही शिफारशींसाठी अर्ज करता येत नाही. उघडकीस आले की दोन्ही अर्ज बाद होतात. स्वखर्चाचा अर्ज सोबत करायचा असेल तर त्या विद्यापीठाला आधी विचारा.

## २. पात्रता कागदावर मोजा

शिक्षणाची वर्षे. मास्टर्ससाठी सर्वसाधारण अट १६ वर्षांच्या शिक्षणाची. बी.ई., बी.टेक. किंवा चार वर्षांची पदवी असलेल्यांना अडचण नाही. तीन वर्षांच्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची बेरीज मात्र १५ होते. जपानच्या नियमांत तीन वर्षांच्या परदेशी पदवीसाठीही वाट आहे, पण ती थेट मान्य करायची की स्वतंत्र पात्रता-तपासणी घ्यायची हे विभागागणिक बदलते. या तपासणीची मुदत मुख्य अर्जाच्या आधी संपते. मुख्य अर्जाची तारीख बघून निवांत बसलेले लोक इथेच अडकतात. तीन अधिक दोन करून एम.एस्सी. किंवा एम.ए. झालेल्यांना मास्टर्ससाठी वर्षे पुरतात आणि डॉक्टरेटसाठीही अर्ज करता येतो.

वय. मेक्स्टसाठी जाण्याच्या वर्षीच्या १ एप्रिलला वय ३५ च्या आत हवे. नेमकी जन्मतारीख सूचनेत दिलेली असते.

गुण. विद्यापीठ-शिफारशीसाठी सरासरी ३ पैकी किमान २.३० लागते. हे गुणांकन आपल्या सीजीपीएपेक्षा वेगळे आहे. शंभरापैकी गुण धरले तर ८० आणि वर म्हणजे ३, ७० ते ७९ म्हणजे २, ६० ते ६९ म्हणजे १. आपल्याकडे ६५ टक्क्यांना पेढे वाटतात. या कोष्टकात त्याला १ मिळतो. अंतिम हिशेब विद्यापीठच करते. म्हणून आपल्या विद्यापीठाची श्रेणीपद्धती, म्हणजे ‘ओ’ किंवा ‘ए प्लस’ला किती गुण, हे छापलेले पान ट्रान्सक्रिप्टला (सगळ्या सत्रांच्या गुणांच्या एकत्रित पत्रकाला) नक्की जोडा. ते नसले की अधिकारी टक्केच धरतो.

भाषा. विज्ञान-अभियांत्रिकीत इंग्रजीवर निभावते. इतिहास, कायदा, शिक्षणशास्त्र किंवा जपानी साहित्यासाठी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन२ पातळी, बऱ्याचदा सर्वांत वरची एन१ लागते. जेएलपीटी भारतात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. पुणे आणि मुंबई दोन्हीकडे केंद्रे आहेत. जागा लवकर भरतात. टोफेल-आयईएल्ट्सचा निकाल साधारण दोन वर्षे चालतो. टोफेलची घरून दिलेली परीक्षा किंवा वेगवेगळ्या प्रयत्नांतले चांगले गुण जोडलेला निकाल अनेक विभाग घेत नाहीत. ‘इंग्रजी माध्यमातून शिकलो’ हा कॉलेजचा दाखला चालेल का, हे विभागाच्या माहितीपत्रकात पाहा. अंदाज बांधू नका.

> तपासा: ईजेयू ही परीक्षा पदवीपूर्व प्रवेशासाठी आहे. मास्टर्ससाठी तिची तयारी करण्यात वर्ष घालवू नका.

## ३. प्राध्यापक शोधा

क्रमवारीची यादी बाजूला ठेवा. आपल्या विषयातले गेल्या चार-पाच वर्षांतले शोधनिबंध काढा, त्यांत जपानी संस्थांचे पत्ते शोधा आणि तिथून नावे उचला. मग प्रत्येक नावासाठी तीन गोष्टी पाहा.

पहिली: तो माणूस अजून काय करतो आहे. ‘रिसर्चमॅप’वर जपानी संशोधकांची अद्ययावत माहिती असते. ‘काकेन’च्या माहितीसाठ्यात कोणाला कुठल्या विषयासाठी किती वर्षांचे सरकारी अनुदान आहे ते दिसते. अनुदान पुढची दोन-तीन वर्षे चालू असेल तर प्रयोगशाळेत कामही आहे आणि पैसाही.

दुसरी: निवृत्ती. बहुतेक राष्ट्रीय विद्यापीठांत प्राध्यापक ६५व्या वर्षी निवृत्त होतात. त्यामुळे साठी ओलांडलेले प्राध्यापक डॉक्टरेटचा नवा विद्यार्थी सहसा घेत नाहीत आणि नकाराचे कारणही कळवत नाहीत. पहिली पदवी कुठल्या वर्षी घेतली त्यावरून वयाचा अंदाज येतो.

तिसरी: प्रयोगशाळेच्या पानावरची सदस्यांची यादी. परदेशी विद्यार्थी आहेत का, साप्ताहिक सेमिनार कुठल्या भाषेत होतो, गेल्या तीन वर्षांत कोणकोण पास होऊन बाहेर पडले. जपानी पान मशीनच्या भाषांतरातून वाचले तरी पुरेसे कळते. इंग्रजी पान अनेकदा जुने असते.

तीन ते पाच नावे पुरेत. त्यातली दोन एकाच विभागातली असतील तर एकाला बाजूला ठेवा. दोघांना एकाच वेळी ईमेल गेली की ते एकमेकांना विचारतात आणि मग दोघेही उत्तर देत नाहीत.

> सावध: प्राध्यापकांना थेट लिहिणे सगळीकडे चालत नाही. क्योतो विद्यापीठात अनेक ग्रॅज्युएट स्कूल्ससाठी आधी ‘अ‍ॅडमिशन्स असिस्टन्स ऑफिस’कडे नोंदणी करावी लागते आणि ती छाननी झाल्यावरच प्राध्यापकांशी संपर्क होतो. इतर काही विभागांतही असेच नियम आहेत. ईमेल पाठवण्याआधी विभागाचे प्रवेश-पान शेवटपर्यंत वाचा.

## ४. पहिली ईमेल

ती वाचायला दीड मिनिट लागले पाहिजे. विषयाच्या ओळीत हेतू, सत्र आणि शिष्यवृत्तीचा मार्ग लिहा: मास्टर्ससाठी विचारणा, अमुक वर्षाचा एप्रिल, मेक्स्ट दूतावास-शिफारस. मजकूर चार छोट्या परिच्छेदांत:

1. तुम्ही कोण, कुठल्या विद्यापीठातून काय शिकलात, पदवी कधी मिळाली किंवा मिळणार.
2. त्यांचा कुठला निबंध वाचला आणि त्यातल्या कुठल्या पद्धतीशी किंवा निष्कर्षाशी तुमचा प्रश्न जोडला जातो. नुसते ‘आपले कार्य प्रेरणादायी आहे’ लिहिले की ईमेल तिथेच बंद होते.
3. तुमचा प्रश्न, तीन ओळींत.
4. एकच विचारणा: त्या सत्रासाठी विद्यार्थी घेण्याचा विचार आहे का.

सोबत दोन पानी सीव्ही, आराखड्याचा एक पानी सारांश आणि ट्रान्सक्रिप्ट, सगळे पीडीएफमध्ये. ड्राइव्हची परवानगी मागणारी लिंक नको. संबोधन ‘प्रोफेसर’ आणि आडनाव. जपानी नावात आडनाव आधी असते, पण इंग्रजी पानांवर क्रम उलटतो, तेव्हा खात्री करून घ्या.

वेळही बघा. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातली ‘गोल्डन वीक’ची सुट्टी, ऑगस्टच्या मध्यावरची ओबोन सणाची सुट्टी, आणि फेब्रुवारी-मार्चमधली प्रबंध-परीक्षांची धावपळ या काळात उत्तराची आशा धरू नका. दोन आठवड्यांनी एकदाच नम्र आठवण पाठवा. त्यानंतरही उत्तर आले नाही तर तो नकार समजा आणि पुढच्या नावाकडे वळा.

## ५. संशोधन आराखडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मेक्स्टचा स्वतःचा छापील नमुना असतो. सध्याचे क्षेत्र, प्रस्तावित विषय आणि तपशीलवार योजना असे त्याचे भाग असतात. विद्यापीठांचे नमुने थोडे वेगळे असतात. पानांची मर्यादा काटेकोर पाळा.

बहुतेक आराखडे विषय सांगतात, प्रश्न सांगत नाहीत. एक उदाहरण घेऊ. माळीण (२०१४) आणि इर्शाळवाडी (२०२३) नंतर दरडींवर काम करू इच्छिणारे बरेच विद्यार्थी आहेत, आणि क्योतो विद्यापीठाच्या आपत्ती प्रतिबंध संशोधन संस्थेत दरडींवर संशोधन होते, त्यामुळे जपान निवडण्याला कारणही आहे.

कच्चा विषय असा येतो: ‘हवामान बदल आणि पश्चिम घाटातील भूस्खलन: एक अभ्यास’. यावर दहा जण दहा पीएचड्या करतील.

कामाचा प्रश्न असा: घाटमाथ्यावरच्या अतिवृष्टीत उतार सरकतो तो शेवटच्या काही तासांच्या मुसळधारेने, की आधीच्या आठ-दहा दिवसांत मातीत साचलेल्या पाण्याने? मग पद्धत: निवडलेल्या एका तालुक्यातल्या नोंद झालेल्या दरडी, जवळच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी, उपग्रहाच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रतिमा. मग त्या प्राध्यापकाचे जपानी उतारांसाठी वापरलेले प्रतिमान कोणते आणि बेसॉल्ट झिजून झालेल्या आपल्या मातीसाठी त्यात काय बदलावे लागेल. शेवटी वेळापत्रक, सहा-सहा महिन्यांच्या टप्प्यांनी. मास्टर्सच्या दोन वर्षांत फारतर दोन पावसाळे मिळतात, आणि पहिल्यात तुम्ही वर्ग करत असता. हे गणित आराखड्यात दिसले की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

मुलाखतीत अडवणारे प्रश्न असेच व्यवहाराचे असतात. समजा तुम्ही लिहिले की मातीचे नमुने जपानला नेऊन तपासू. जपानमध्ये माती आणायला वनस्पती-संरक्षण कायद्याने बंदी आहे. संशोधनासाठी आधी खास परवानगी काढावी लागते. ‘तपासण्या पुण्यात करून फक्त आकडे नेऊ’ असे लिहिले असते तर प्रश्नच उरला नसता. माहिती कोणाकडून मिळणार, परवानगी कोणाची, उपकरण त्या प्रयोगशाळेत आहे का, या तिन्हींची उत्तरे आराखड्यातच असू द्या.

> तपासा: आराखडा तुमच्या विषयाबाहेरच्या एका सुशिक्षित माणसाला वाचायला द्या. दूतावासाच्या मुलाखतीत समोर तुमच्या उपविषयाचा तज्ज्ञ असेलच असे नाही. त्या माणसाला प्रश्न एका वाक्यात सांगता आला नाही तर पुन्हा लिहा.

## ६. कागदपत्रे

ट्रान्सक्रिप्ट. आठ सत्रांच्या आठ गुणपत्रिका वेगळ्या आणि एकत्रित ट्रान्सक्रिप्ट वेगळे. बहुतेक ठिकाणी दुसरे मागतात. आपल्या विद्यापीठांतून ते मिळायला काही आठवडे जातात. परीक्षेच्या हंगामात आणखी. एटीकेटी लागली असेल तर लपवू नका. ट्रान्सक्रिप्टवर फक्त अंतिम गुण आले आणि गुणपत्रिकेत जुना प्रयत्न दिसला तर विसंगती म्हणून शंका घेतली जाते.

पदवी प्रमाणपत्र. पदवीदान व्हायचे असेल तर प्रोव्हिजनल चालते का ते विचारा. साक्षांकित प्रत मागितली असेल तर अनेक ठिकाणी नोटरीचा शिक्का पुरत नाही. पदवी देणाऱ्या संस्थेचाच लागतो.

नाव. महाराष्ट्रातल्या मुलांचे घोडे इथे हमखास पेंड खाते. गुणपत्रिकेवर ‘पाटील स्नेहल राजेंद्र’, खाली आईचे नाव. पासपोर्टवर आडनाव पाटील, नाव स्नेहल राजेंद्र. आधारवर तिसराच क्रम. फॉर्मवर, ईमेलमध्ये आणि शिफारसपत्रात सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिहा, स्पेलिंगसकट. पुढे जपानी निवासपत्र आणि बँक खाते त्याच नावाने निघते. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत इंग्रजी भाषांतरासह जोडा. पासपोर्टमध्येच चूक असेल तर अर्जाआधी दुरुस्त करा, कारण नंतर सगळी साखळी बदलावी लागते.

शिफारसपत्र. शेवटच्या विद्यापीठातले मार्गदर्शक, विभागप्रमुख किंवा अधिष्ठाता यांचे. नोकरीत असलात तरी मेक्स्टला हे लागते; कंपनीच्या एचआरचे पत्र त्याची जागा घेत नाही. लेटरहेड, तारीख, सही तिन्ही हवे. बंद पाकीट मागितले असेल तर ते उघडून स्कॅन करू नका. सरांकडून दोन प्रती घ्या.

आरोग्य प्रमाणपत्र. ठरलेल्याच नमुन्यावर, डॉक्टरांच्या सहीने. छातीचा एक्स-रे सहा महिन्यांच्या आतला असावा. एकही रकाना रिकामा नको. लागू नसेल तर तसे लिहून घ्या.

सगळे ए४ वर. तारखा वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. फोटोच्या मागे नाव आणि राष्ट्रीयत्व.

## ७. पाठवणे आणि त्यानंतरची धावपळ

जपानी माहितीपत्रकात दिलेली अंतिम तारीख बहुधा कागद पोहोचण्याची असते, पोस्टात टाकण्याची नाही. ऑनलाइन अर्जाची वेळ जपानची: तिथले सायंकाळचे ५ म्हणजे आपले दुपारचे १.३०. कुरियर दहा दिवस आधी निघाले पाहिजे. ऑनलाइन भरूनही छापील प्रत मागवणारे विभाग कमी नाहीत.

दूतावासाच्या वाटेने जाणाऱ्यांची खरी कसोटी पहिली फेरी पार केल्यावर लागते. उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र आणि शिक्का मारलेली कागदपत्रे मिळाली की विद्यापीठांकडून तात्पुरत्या स्वीकृतीचे पत्र मिळवायचे असते. विद्यापीठे तीन निवडता येतात. मागणीची मुदत बहुधा ऑगस्टअखेर, आणि मधे ओबोनची सुट्टी. ज्यांनी हिवाळ्यातच प्राध्यापकांशी बोलून ठेवलेले असते त्यांचे पत्र वेळेत येते. बाकीचे ऑगस्टमध्ये अनोळखी लोकांना ईमेल पाठवत बसतात. पत्राची औपचारिक मागणी आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडे करायची. प्राध्यापकाने ईमेलवर ‘हो’ म्हणणे म्हणजे पत्र नव्हे.

## ८. पैसे, सीओई, व्हिसा

राष्ट्रीय विद्यापीठाचे प्रमाणित दर असे: प्रवेशपरीक्षा ३०,००० येन, प्रवेशशुल्क २,८२,०००, वार्षिक शुल्क ५,३५,८००. काही विद्यापीठांनी वार्षिक शुल्क २० टक्क्यांपर्यंत वाढवले आहे. केन्क्यूसेईसाठी अनुक्रमे ९,८००, ८४,६०० आणि दरमहा २९,७००. म्हणजे स्वखर्चाने मास्टर्सला जाणाऱ्याला प्रवेशशुल्क आणि पहिल्या सहामाहीचे मिळून ५,४९,९०० येन लागतात, घराचे डिपॉझिट त्याशिवाय. शुल्कमाफीचा अर्ज वेगळा असतो आणि त्याची मुदत प्रवेशाच्या सुमारासच संपते.

निवास-पात्रता प्रमाणपत्र, म्हणजे सीओई, विद्यापीठ तुमच्या वतीने काढते. एक ते तीन महिने धरा. खर्च उचलणाऱ्याचे बँक प्रमाणपत्र, उत्पन्नाचा पुरावा, तुमच्याशी नाते दाखवणारा कागद लागतो. अर्जाच्या आठवड्यात काका-मामांकडून उसने घेऊन भरलेली मोठी रक्कम लगेच डोळ्यात भरते. सहा महिन्यांचे विवरण नीटनेटके असू द्या, किंवा शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र जोडा. पूर्वी कुठल्या व्हिसाला नकार मिळाला असेल आणि फॉर्ममध्ये विचारले असेल तर खरे लिहा.

> तपासा: सीओई निघाल्यापासून तीन महिने चालते. तेवढ्या मुदतीत व्हिसा काढून जपानमध्ये दाखल व्हायचे असते. तिकीट त्याप्रमाणे घ्या.

## ९. उतरल्यावर

निवासपत्र मोठ्या विमानतळांवरच मिळते. अर्धवेळ कामाच्या परवानगीचा फॉर्म भरून सोबत न्या आणि तिथेच द्या. मर्यादा आठवड्याला २८ तासांची. घर मिळाल्यापासून १४ दिवसांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवा, तिथेच राष्ट्रीय आरोग्य विमा घ्या. उपचाराचा ३० टक्के खर्च तुमचा असतो. वीस वर्षांवरच्या सगळ्यांना राष्ट्रीय पेन्शनमध्ये नाव घालावे लागते. विद्यार्थ्यांसाठी हप्ता पुढे ढकलण्याची सोय आहे, पण ती मागावी लागते. त्याच खिडकीवर तो फॉर्म मागून घ्या, नाहीतर काही आठवड्यांत घरी हप्त्याची बिले येऊ लागतात.

केन्क्यूसेई म्हणून गेलेल्यांनी पहिल्याच आठवड्यात विभागाच्या कार्यालयातून प्रवेशपरीक्षेची तारीख आणि मागच्या प्रश्नपत्रिका मागून घ्याव्यात. अनेक विभागांत परीक्षा ऑगस्टच्या सुमारास असते आणि तिचा अर्ज जून-जुलैमध्ये भरावा लागतो. मेक्स्टवाल्यांनाही यातून सुटका नाही. पदवीच्या काळात शिष्यवृत्ती चालू राहण्यासाठी मुदतवाढीचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि त्याची तारीख विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय कार्यालय देते.